कपाटाच्या दारावरच्या बायका

प्रश्न:
ताई, माझी लेक आठवीत आहे. दिवाळीला धाकटे दीर सिएटलहून आले, त्यांनी तिच्यासाठी जुन्या अमेरिकन कॉमिक्सच्या कव्हरांची पोस्टकार्डं आणली, डबाभर. त्यातल्या बायका तेवढ्या निवडून तिने कपाटाच्या दारावर चिकटवल्या आहेत. वंडर वुमन, बॅटगर्ल वगैरे. सासूबाईंना देवघरात जाता-येता ते दार दिसतं. त्या म्हणतात, "असल्या उघड्यावाघड्या बायका घरात नकोत." नवरा म्हणतो, काढून टाक, विषय संपव. लेक म्हणते, "सुपरमॅन चड्डी बाहेरून घालतो ते चालतं, मग यांचंच का टोचतं?" मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगू का, ती चित्रं मला आवडतात आणि बघवतही नाहीत. गेल्या आठवड्यात ती क्लासला गेली असताना मी तिची चित्रांची वही उघडली. तिने स्वतःची हिरॉइन काढली आहे. छाती ही एवढी आणि कंबर बांगडीतून जाईल अशी. त्याच रात्री तिने भात नको म्हटलं. मी घाबरू का? दार मोकळं करू का? दाराचा आणि वहीच्या त्या पानाचा फोटो पाठवतेय.
– मधल्या मधे अडकलेली आई, नाशिक

उत्तर:
आधी भाताचं बोलू. एका रात्री भात नको म्हणणारी आठवीतली मुलगी क्लासहून येताना वडापाव खाऊन आलेली असू शकते. लगेच जीव टांगणीला लावू नका, पण लक्ष ठेवा. डबा रोज अर्धा परत येतो का, वजनकाट्यावर सारखी चढते का, सगळ्यांसोबत जेवायचं टाळते का, पाळी चुकते का. असं काही दिसायला लागलं तर चित्रांचा वाद बाजूला ठेवा आणि तिला डॉक्टरांकडे न्या. तिथे माझ्या सदराचा काही उपयोग नाही. तसं काही नसेल तर पुढचं वाचा.

दार मोकळं करू नका.

फोटो मी लॅपटॉपवर मोठा करून पाहिला. चौदा कार्डं आहेत, आणि त्यातली बरीचशी मला ओळखता आली, कारण हा माझा जुना नाद आहे. सासूबाई त्या चित्रांत कापड मोजताहेत. आपल्याकडे बहुतेक घरांत तेच मोजतात. मी स्वतः चाळिशीपर्यंत तेच मोजत होते. पण या चित्रांना ते माप पुरत नाही. मी हल्ली दुसरं माप लावते: चित्रातल्या बाईचे हात काय करताहेत ते बघते.

वरच्या ओळीतलं पहिलं कार्ड घ्या. 'सेन्सेशन कॉमिक्स'चा पहिला अंक, जानेवारी १९४२. मागे वॉशिंग्टनचं कॅपिटॉल, समोरून गुंड पिस्तुलं झाडताहेत आणि वंडर वुमन मनगटातल्या कड्यांवर त्या गोळ्या उडवून लावते आहे. अंगावर लाल चोळीवजा काहीतरी आणि चांदण्यांचा निळा स्कर्ट. सासूबाईंच्या मापाने नापास. पण हात बघा, दोन्ही कामात आहेत. ही बाई घडवली विल्यम मार्स्टन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने. रक्तदाबावरून खोटं पकडायची चाचणी काढणारा तोच. सुरुवातीच्या गोष्टींची चित्रं हॅरी पीटरची. मार्स्टनचं म्हणणं असं होतं, की बाईच्या साच्यात बळ आणि सत्ता कोणी घातलेलीच नाही, त्यामुळे खुद्द मुलींनाही मुलगी असावंसं वाटत नाही. मनगटातली ती कडी त्याला घरातच सापडली. त्याच्या घरात राहणारी ऑलिव्ह बर्न तशी कडी घालायची. (त्या घरात नवरा एक आणि बायका दोन होत्या, पण ती गोष्ट लेक दहावी झाल्यावर सांगा.)

आता त्याच ओळीत, तीन कार्डं सोडून. तेच 'सेन्सेशन कॉमिक्स', अंक ९४, साल १९४९. एक ओढा आहे. तिचा मित्र स्टीव्ह तिला दोन्ही हातांवर उचलून पलीकडे नेतो आहे आणि ती हसून त्याच्याकडे बघते आहे. विमानं अडवणारी बाई, आणि घोटाभर पाण्यातून तिला उचलून न्यावं लागतं! मधल्या काळात १९४७ मध्ये मार्स्टन वारला होता, महायुद्ध संपलं होतं, सैनिक घरी परतले होते आणि कारखान्यांत कामाला लागलेल्या बायकांना घरी जा म्हणून सांगितलं जात होतं. पोशाख जवळपास तोच आहे, फक्त हातांचं काम गेलं. लेकीला ही दोन कार्डं शेजारी-शेजारी लावायला सांगा. तुम्ही तिला काही समजावत बसू नका, तिचं तिला दिसेल.

मार्स्टनलाही मी देव्हाऱ्यात बसवत नाही. त्याच्या गोष्टींत वंडर वुमन दर दोन-चार पानांनी साखळदंडात असते. त्याच्याच प्रकाशनाच्या सल्लागारांनी १९४३ मध्ये तक्रार केली होती की हे फार होतंय. तो म्हणायचा, बांधल्याशिवाय तोडणार काय? मताधिकारासाठी लढलेल्या बायकांच्या व्यंगचित्रांत साखळ्या असायच्याच, हॅरी पीटर त्याच जमान्यातला चित्रकार, हेही खरं. माझा त्याच्यावर अर्धा विश्वास आहे. उरलेला अर्धा बसत नाही, कारण एवढ्या मन लावून काढलेल्या साखळ्या नुसत्या तोडण्यासाठी असतील असं वाटत नाही. आणि हो, इतर वीरांच्या 'जस्टिस सोसायटी'त तिला घेतलं तेव्हा पद कुठलं दिलं? सेक्रेटरीचं. सगळ्यात ताकदवान बाई मिटिंगचं टिपण लिहायला!

एक गोष्ट लक्षात घ्या, म्हणजे बराचसा उलगडा होईल. कव्हर म्हणजे फेरीवाल्याची आरोळी. तेव्हा कॉमिक दहा सेंटला मिळायचं, पेपरच्या स्टॉलवर, औषधाच्या दुकानात, पन्नास अंकांच्या गर्दीत. पोराचा हात आपल्या अंकाकडे वळवायचा एवढंच कव्हरचं काम. म्हणून कव्हर काढणारा चित्रकार अनेकदा वेगळा असायचा. पुढे पुढे तर काही संपादक आधी कव्हर ठरवायचे आणि मग त्याला शोभेल अशी गोष्ट लिहून घ्यायचे. आधी पाटी रंगवायची आणि मग त्या नावाचा पदार्थ शोधायचा, तसं. तेव्हा दारावर जे चिकटलंय ते त्या बायकांचं आयुष्य समजू नका. ती त्यांची जाहिरात आहे, आणि गिऱ्हाईक कोण धरलं होतं ते हातांवरून कळतं.

खालच्या कोपऱ्यातलं ते दोरखंडाचं कार्ड, तुमच्या डोळ्यांना सगळ्यात जास्त खुपणारं असणार. 'फँटम लेडी', अंक १७, एप्रिल १९४८. चित्र मॅट बेकरचं मानतात. अमेरिकन कॉमिक्समध्ये नाव काढलेल्या पहिल्या काही कृष्णवर्णीय चित्रकारांपैकी तो एक, आणि हात असा सफाईदार की आजही चित्रकार त्याच्या रेषा गिरवतात. कव्हरवर मात्र आतल्या गोष्टीपेक्षा छातीला आणि दोरीला जागा जास्त. फ्रेडरिक वर्थम नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने १९५४ मध्ये कॉमिक्सविरुद्ध पुस्तक लिहिलं, त्यात पुरावा म्हणून हेच कव्हर छापलं. माणूस वाईट नव्हता. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या गरिबांसाठी त्याने जवळपास फुकट दवाखाना चालवला होता. पण त्या एका पुस्तकाने अमेरिकाभर गदारोळ झाला, सिनेटच्या समितीपुढे सुनावण्या झाल्या, आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली. त्यात लिहिलं होतं की बायकांची चित्रं वास्तवाला धरून काढावीत, कुठलाही अवयव फुगवून दाखवू नये, कपडे समाजाला रुचतील असे असावेत. थोडक्यात, अमेरिकेच्या घरात सासूबाई आल्या.

आणि मग झालं काय? अंग झाकलं गेलं, हातांचं काम मात्र आणखीच गेलं. १९५६ मध्ये बॅटवुमन आली तिच्याकडे बॅटमनसारखा हत्यारांचा पट्टा नाही, पर्स आहे. पर्समध्ये लिपस्टिक, केसांची जाळी, असली शस्त्रं. १९५९ मध्ये सुपरगर्ल आली, तिला सुपरमॅनने अनाथाश्रमात ठेवली आणि सांगितलं की तू आहेस हे कोणाला कळू द्यायचं नाही. तीन वर्षं ती लपूनच लोकांना वाचवत होती. आपल्याकडे नाही का, 'हिशेब तीच बघते, पण सांगायचं नाही बरं का', तसं.

तुमच्या दारावर मधोमध 'फँटॅस्टिक फोर'चा पहिला अंक आहे, नोव्हेंबर १९६१. जमीन फोडून हिरवा राक्षस आलाय, आणि चौघांपैकी जी एकटी बाई आहे ती त्याच्या मुठीत. ती काय म्हणते आहे ते वाचा: मला हवं तितक्या पटकन अदृश्य होता येत नाहीये! पहिल्याच अंकाच्या कव्हरवर नायिकेची अडचण कोणती, तर पुरेशी नाहीशी होता येत नाही. मोठी बाई असून नाव 'इनव्हिजिबल गर्ल', आणि ते 'वुमन' व्हायला १९८५ उजाडलं. तोवर तिचा मुलगासुद्धा झाला होता.

पण सगळ्यात अपमानाचं कार्ड सांगू? सासूबाई ज्याला बोट लावणार नाहीत ते. डावीकडचं बॅटगर्लचं, 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स' ३७१, जानेवारी १९६८. बाई नखशिखान्त झाकलेली. मुखवटा, हातमोजे, बूट, पाठीवर केप. मागे बॅटमन आणि रॉबिन गुंडांच्या घोळक्यात सापडलेत, आणि पुढे ही आपल्या पायमोज्याला पडलेली उसवण निरखत उभी. ही बार्बरा गॉर्डन, डॉक्टरेट मिळवलेली, शहराच्या ग्रंथालयाची प्रमुख! आत ती मोजा मुद्दाम फाडून गुंडांचं लक्ष वेधते आणि डाव उलटवते, पण स्टॉलवरून नुसतं कव्हर पाहून पुढे गेलेल्या मुलाला ते कुठून कळणार? त्याने एवढंच पाहिलं की मारामारी चालू असताना बायका मोजे बघतात.

तेव्हा सासूबाईंना उत्तर द्यायचं तर हे कार्ड पुढे करा. आणि त्यांना सप्तशृंगीची आठवण करून द्या. नाशिकच्या बाईला वणीची आई मी काय सांगणार! पण अठरा हात आहेत तिला आणि प्रत्येक हाताला काम आहे. तिचे हातच आपण आधी मोजतो की नाही? मात्र हेही सांगते, घर त्यांचंही आहे. देवघराच्या वाटेवर रोज नजर चोरावी लागणं हा त्यांना होणारा त्रास आहे, हट्ट म्हणून उडवून लावू नका. दोन-तीन कार्डं दाराच्या आतल्या बाजूला लावता येतील. कुठली, ते लेकीने आणि आजीने मिळून ठरवावं, तुम्ही आणि नवऱ्याने नाही. त्या डब्यात मेरी मार्व्हल असेल तर ती शोधा: १९४२ ची, लाल झगा, आखूड बाह्या, चेहरा गायिका जूडी गार्लंडवरून घेतलेला. शाळकरी मुलगी शाळकरी मुलीसारखीच दिसते आणि उडते झकास. आजीला ती आवडेल अशी मला दाट शंका आहे.

आता सुपरमॅनच्या चड्डीचा प्रश्न. लेकीने तुम्हाला बरोबर कोंडीत पकडलंय, कबूल करून टाका. फुगवलेलं अंग त्याचंही आहेच. पण त्याची छाती काढली ती बघणाऱ्या पोराला 'मी असा होईन' वाटावं म्हणून. फँटम लेडीची काढली ती त्याच पोरासाठी, आणि ती 'मी अशी होईन' म्हणून नक्कीच नाही. बघणाऱ्या पोरीचा विचार कोणी केलेला नव्हता. हे तिला पटतं का बघायचं असेल तर एक खेळ सांगते. रविवारी दुपारी नवऱ्याला हॉलमध्ये उभा करा आणि बॅटगर्लच्या त्या कार्डातल्यासारखी पोझ द्यायला सांगा: एक पाय पुढे, कंबर वाकडी, मान मोज्याकडे. मग लेकीने त्याचं चित्र काढायचं. त्यानंतर गोळ्या उडवणाऱ्या वंडर वुमनची पोझ. कुठल्या पोझमध्ये बाबा हास्यास्पद दिसले आणि कुठल्या नाही, यावर तिने काय ते ठरवावं. 'विषय संपव' म्हणणाऱ्या माणसाला विषयात ओढायचा याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

हे सगळं मी एवढ्या तावातावाने का लिहितेय, तेही सांगते. आमच्या लहानपणी मे महिन्यात इंद्रजाल कॉमिक्स भाड्याने मिळायची, मराठीतली. वेताळ, म्हणजे मुखवटावाला वीर फँटम, वाचून झाला की वाड्यात वेताळ खेळायचा. वेताळ कोण यावरून पोरांत हाणामारी, आणि मी एकटीच मुलगी म्हणून कायम डायना, वेताळाची प्रेयसी. डायनाचं काम काय, तर कडुनिंबाला बांधून घेऊन वाट बघणं. एकदा मला बांधून सगळे शूरवीर पन्हं प्यायला घरात गेले आणि विसरले. तासाभराने आजी वाळवण काढायला आली तेव्हा तिने सोडवलं, आणि वर मलाच ओरडली. दोरीचे वळ दोन दिवस होते. गंमत अशी, की ती डायना पामर ऑलिंपिकमध्ये पाण्यात उड्या मारणारी खेळाडू होती, संयुक्त राष्ट्रांत नोकरी करणारी होती. ते आतल्या पानांत होतं, मी वाचलेलंही होतं! पण खेळताना मला किंवा पोरांना कोणालाच ते आठवलं नाही. आठवायची ती फक्त बांधलेली.

म्हणून दारापेक्षा मला तुमच्या लेकीची वही महत्त्वाची वाटते. ते पान मी पाहिलं. बांगडीएवढी कंबर आहे खरी, पण पोरीची रेष चांगली आहे. चित्रकार शिकतो तो आधी समोरचं गिरवून, आणि तिच्या समोर चौदा अशा कमरा आहेत. तिने गिरवल्या. तेवढ्यावरून तिला स्वतःची कंबर नकोशी झाली आहे असं मी म्हणणार नाही, आणि नाहीच झाली असंही नाही. तिलाच विचारावं लागेल. पण त्याआधी एक अवघड काम आहे. तिच्यामागे वही उघडली हे तुम्ही तिला सांगायला हवं. ती चिडेल, दोन दिवस बोलणार नाही. तरीही सांगा, कारण न सांगता कमरेचा विषय काढलात तर तिला कळेलच, आणि पुढची वही कुलपात जाईल. सांगून झाल्यावर "एवढी बारीक का काढलीस?" असं विचारू नका. "हिची शक्ती काय आहे?" असं विचारा. शक्ती ठरली की हात कुठे जातील ते ठरतं, आणि हातांनी खरंच काही उचलायचं, ओढायचं, फेकायचं असेल तर त्या बांगडीएवढ्या कमरेत आतडी मावत नाहीत, हे तिचं तिलाच चित्र काढताना कळेल. माझ्या ओळखीच्या प्रत्येक चित्रकाराला ते असंच कळलं.

तिला ट्रिना रॉबिन्सबद्दलही सांगा. ही चित्रकार याच असल्या कव्हरांवर वैतागून स्वतः कामाला लागली. १९७० मध्ये तिने आणि मैत्रिणींनी अमेरिकेतलं पहिलं फक्त बायकांनी काढलेलं कॉमिक छापलं. त्याच्या कव्हरवर पॉपायची ऑलिव्ह ऑइल, वंडर वुमन, मेरी मार्व्हल, जंगलची राणी शीना सगळ्या मुठी वर करून मोर्चात निघाल्या आहेत. त्याच वर्षी मार्व्हलच्या 'ॲव्हेंजर्स' ८३ च्या कव्हरवरही बायकांची टोळी पुरुष वीरांना लोळवून उभी होती. मुक्तीच्या घोषणा देणारी त्यांची पुढारीण आत मात्र वेष पालटलेली खलनायिका निघाली. गोष्ट लिहिणारा अर्थातच पुरुष. दोन्ही कव्हरं शेजारी ठेवली तर मी काय म्हणते ते एका नजरेत कळेल. ट्रिनाला वंडर वुमन काढायला मिळाली १९८६ मध्ये, आणि तिच्या कॉमिकची चित्रं काढणारी ती पहिली बाई. म्हणजे ते पात्र जन्मल्यावर तब्बल पंचेचाळीस वर्षांनी.

आता तुमच्या फोटोतली एक गोष्ट, जी तुम्ही पाहिलेली दिसत नाही. कोपऱ्यातलं ते फँटम लेडीचं दोरीचं कार्ड पुन्हा नीट बघा, मोबाइल जवळ नेऊन. तिच्या उजव्या हातापाशी चंदेरी जेल पेनने काहीतरी काढलंय. मला आधी वाटलं, फ्लॅशची चमक असेल. मोठं केल्यावर कळलं. कात्री आहे, छोटीशी, आणि तिची पाती दोरीवर अर्धी मिटलेली.

वहीबद्दल सांगून झालं, रुसवा ओसरला, की त्या कात्रीबद्दल तिला विचारा. आणि ती काय म्हणाली ते मला कळवणार असाल तर या वेळी तिला विचारून कळवा.